त्याला कुणी औषध म्हणतं का?

अक्का,

तुझ्या दहाव्याला कावळासुद्धा सुमनबाईचंच ऐकून आला. आधी दाजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "तुझी गाय मी इकनार न्हाई, काळजी करू नको." कावळा बाभळीवर बसून राहिला. मग मला पुढे ढकललं. मी म्हणाले, "दाजींचं जेवणखाण बघेन मी." कावळ्याने मान वळवून दुसरीकडे बघितलं. अर्धा तास झाला, ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात ती आली तुझी सुमनबाई, पदर डोळ्याला लावत. म्हणाली, "अक्का, मी आता कुनालाच त्यो पाला देनार न्हाई गं." झालं. कावळा भुर्रकन आला आणि पिंडाला शिवला. बायका म्हणाल्या, बघा, हिच्यातच जीव अडकला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या दहाव्यालाही मी जळफळतच होते, खोटं कशाला बोलू? आणि खरं सांगू का, त्या कावळ्यापुढे मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. ते मी म्हणाले नाही. आज म्हणणार आहे, पण माझ्या पद्धतीने म्हणू दे. आधी मला भांडायचंय.

तू माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई शेतात, म्हणून मी तुझ्या कडेवर वाढले. तुझं लग्न होऊन तू तिसगावला गेलीस तेव्हा मी म्हणे तीन दिवस जेवले नव्हते. पुढे तुला मूलबाळ झालं नाही आणि लोक तुला काहीबाही बोलायचे, तेव्हा तू सगळ्यांना ठणकावून सांगायचीस, "माझी बारकी हाय की!" बारावीनंतर वडील मला उजवायला निघाले होते. तू माहेरी येऊन दारात बसलीस आणि म्हणालीस, हिला शिकवल्याबिगर मी पाणी बी पिनार न्हाई. तुझ्या त्या हट्टावर मी डी. फार्म. झाले. श्रीरामपुरात मेडिकलच्या काउंटरवर बावीस वर्षं उभी आहे ती तुझ्यामुळे. अख्खा बाजारपेठेचा रस्ता मला विचारून गोळी खातो. म्हातारी माणसं डॉक्टरची चिठ्ठी दाखवून म्हणतात, मंगलताई, हे बरोबर दिलंय ना? आणि तू? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

तुला साखर निघाली तेव्हा मी केवढ्या उड्या मारत कामाला लागले होते, आठवतं? नगरच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तिसगावात काय मेडिकल नव्हती? पण नाही, माझ्या अक्काच्या गोळ्या माझ्याच हातून जायला पाहिजेत. महिन्याच्या महिन्याला पुडकं बांधायचं, सकाळच्या एका पट्टीला लाल रबर, रात्रीच्या पट्टीला पिवळं, आणि पाथर्डीच्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. दाजी स्टँडवर येऊन घेऊन जायचे. मला वाटायचं, बघा, बहीण असावी तर अशी.

आणि मग ही सुमनबाई. कानामागून आली आणि तिखट झाली. तुमच्या शेजारचं घर तिच्या दिराने बांधलं, ती राहायला आली त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. एका संक्रांतीला तुम्ही दोघींनी एकमेकींना साडी नेसवली आणि तू मला फोनवर सांगितलंस, "आगं, सुमन माझी धर्माची बहीन झाली." मी म्हटलं, "बरं झालं." फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी उलटीचं औषध देणार होते, ते त्याच्याच लक्षात आलं म्हणून बरं.

तुझ्या घरी यायचं तर स्वयंपाकघरात तीच. कुठला डबा कुठे आहे तिला ठाऊक, मला नाही. दाजी "सुमनताई, चहा ठेवा" म्हणायचे, मी तिथे बसलेली असताना! तुझ्या पायाला मुंग्या येतात हे मला तिच्याकडून कळलं. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय अक्काने?" असं म्हणाली ती, आणि तिचा आवाज इतका गोड होता की मला भांडायलाही जागा राहिली नाही.

पाल्याचा तो डबा मी पहिल्यांदा मागच्या उन्हाळ्यात बघितला. ओट्यावर, माझ्या गोळ्यांच्या पुडक्याशेजारी. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, आत हिरवट काळी पावडर. मी नाकाशी नेला तर मेथीचा वास.

"हे काय गं?"

"काय न्हाई. सुमन देती. जांभळाच्या बिया, मेथी, कारलं वाळवून, आनि बाजारातल्या त्या म्हाताऱ्याकडची एक पुडी मिसळती. सकाळी कोमट पान्यात."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्या बी घेती की. तुझ्या गोळ्या कवा चुकवल्यात का मी?"

"अक्का, दोन दोन औषधं एकावेळी घेत नसतात."

तू हसलीस. तुझं ते हसू, खालचा दात पडलेला. म्हणालीस, "आगं येडे, त्यो झाडपाला हाय. त्याला कुनी औषध म्हनतं का?"

मी तेव्हा तुला नीट बसून समजवायला पाहिजे होतं. काउंटरवर परक्या माणसाला समजावते तसं. की बाई गं, गोळी साखर खाली ओढते. मेथी, कारलं, जांभूळ यांच्यातही थोडाफार ओढायचा गुण आहे, म्हणून तर लोक घेतात ना? एका उतारावर गाडीला मागून दोघांनी ढकललं तर ती कुठे जाऊन थांबेल ते कोण सांगणार? आणि त्या बाजारातल्या पुडीवर ना नाव ना गाव. असल्या पुड्यांत कधी कधी साखर उतरवायच्या गोळ्याच कुटून घातलेल्या सापडतात, मग गुण येणारच की! तुला घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घे, ते गोळीचं बघतील, साखर तपासत राहतील. एवढं बोलायला पाच मिनिटं लागली असती.

मी काय बोलले? मी म्हणाले, "मी इतकी शिकले ते काय गवत उपटायला? त्या चौथी पास बाईचं ऐकतेस आणि माझं नाही?"

मग तूही चिडलीस. "ती रोज सकाळी गिलास घिऊन येती. माझ्यापाशी बसती. पिऊन झाल्याबिगर उठत न्हाई. तू गोळ्या पाठवतीस बारके, तू कवा येतीस?"

दुकान, मुलांच्या परीक्षा, गाड्या वेळेवर नाहीत, ही काय उत्तरं झाली? मी पर्स उचलली आणि दुपारचीच गाडी धरली. तुझं ते वाक्य शेवगाव येईपर्यंत चघळलं आणि त्यातून एवढाच अर्थ काढला की अक्काला आता ती माझ्यापेक्षा जवळची. तू मला बोलावत होतीस, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलंच नाही.

आता ते सांगते, जे कावळ्यासमोर बोलले नाही.

श्रावणात आपण नगरला डॉक्टरांकडे गेलो. तू तिसगावहून आलीस, मी श्रीरामपूरहून. दोघी शेजारी शेजारी खुर्चीत. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. साखर कधी नव्हे ती एवढी छान खाली आलेली. त्यांनी विचारलं, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?"

तू म्हणालीस, "न्हाई."

तू खोटं बोलली नाहीस. त्यांनी औषध विचारलं होतं, पाला नाही. पण "न्हाई" म्हणून झाल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. जरा थांबून, भुवया वर करून. लहानपणी मी गणित घेऊन बसले की तुला कळायचं नाही, तेव्हा तू असंच बघायचीस, बरोबर हाय का गं, अशी.

मी मूग गिळून बसले.

का ते ऐक. मला भीती वाटली म्हणून नाही, तुझं मन मोडेल म्हणूनही नाही. रिपोर्ट चांगला आला होता आणि मला तो माझ्या गोळ्यांचा हवा होता. पावडरीचं नाव काढलं असतं तर तू घरी जाऊन म्हणाली असतीस, बघ, सुमनच्या पाल्याने साखर उतरली. मला ते सोसलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या छान लागू पडल्यात, आहे तेच चालू ठेवा," आणि मी तुझ्याकडे बघून अशी हसले, अशी हसले, की बघ म्हटलं! तू खाली बघून पिशवीची गाठ मारलीस. बाहेर आल्यावर उसाचा रस नको म्हणालीस, म्हणून आपण नुसता चहा प्यालो, बिनसाखरेचा. तो आपला शेवटचा चहा.

नवरात्र आलं. तू फोन केलास की यंदा घटी बसणार आहे, नऊ दिवस देवळातच मुक्काम, सुमन पण बसणार आहे, तू पण ये की बारके. मी विचारलं, उपासाचं काय? म्हणालीस, दोन येळा भगर खाईन. मी म्हटलं, गोळी चुकवायची नाही हं, उपास असो का काही असो. हे मी म्हटलं, अक्का. मी, बावीस वर्षं काउंटरवर उभी असलेली. उपास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवतात, हे दरवर्षी नवरात्रात मी काउंटरवर शंभर बायकांना सांगते. तुला सांगितलं नाही, कारण माझं लक्ष तुझ्या तब्येतीवर नव्हतंच. ते "सुमन पण" या दोन शब्दांवर अडकलं होतं.

"मला नाही जमणार," म्हणाले मी. "तुझी धर्माची बहीण आहे ना सोबतीला?"

तू म्हणालीस, "बरं. जप." आणि फोन ठेवलास.

पुढचं मी बघितलेलं नाही, सुमनबाईच्या तोंडून ऐकलंय. आजूबाजूच्या बायका नुसत्या पाण्यावर होत्या. मग तू कसली हार जातेस! तुझी भगर तू बाजूला सारलीस. सकाळी गोळी घेतलीस, कारण बारकीने सांगितलं होतं. वर तो गिलासही घेतलास, कारण सुमनने आणला होता. आम्हा दोघींचंही मन राखलंस बघ. सहाव्या माळेला आरती चालू असताना तू घामाने भिजलीस. हातपाय थरथरायला लागले, मान डोलायला लागली, तोंडाने काहीतरी असंबद्ध बडबडायला लागलीस.

"मला वाटलं देवी आली ओ," सुमनबाई मला दवाखान्याच्या पायरीवर सांगत होती. "समद्यांनाच वाटलं. बायकांनी मळवट भरला, वटी भरली. कुनी इचारलं, माझ्या लेकाला नोकरी कवा लागंल? तर ती म्हनली, 'बारके, बारके.' आमी म्हनलं, बारक्या लेकाला लागंल. मी पाया पडले ओ तिच्या. मी तिच्या पाया पडत हुते आनि ती..."

अक्का, घाम, थरथर, बडबड. मी तिथे असते तर लांबून ओळखलं असतं. चार जणींना बाजूला सारून तुझ्या तोंडात साखर कोंबली असती. आणि साखर काय लांब होती? तुझ्या पुढ्यात खडीसाखरेचं ताट ठेवलं होतं त्यांनी, देवीला म्हणून! तू एका बाजूला रेललीस, शुद्ध गेली, तेव्हा कुठे सुमनबाई ओरडली की हे काहीतरी निराळं आहे. जीप मिळवली तिने. नगरला पोहोचेपर्यंत तुझं डोकं तिच्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती आणि फार वेळ तशीच राहिली. तीन दिवसांनी तू गेलीस.

आणि त्याच दवाखान्यात, मी पोहोचायच्या आत, डॉक्टरांनी विचारलं की या काय काय घेत होत्या? तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. गोळ्या, गिलास, बाजारातली पुडी, समदं माझ्या हातचं हाय म्हणाली. लपवालपवी नाही काही नाही. चौथी पास बाईने एका दमात सांगितलं ते मी श्रावणात गिळून बसले होते. लोक तिलाच बोलले. तुझी नणंद तर सगळ्यांसमोर म्हणाली, हिनेच घातलं काय काय पोटात. सुमनबाईने मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते. मला कुणी काही म्हणालं नाही, उलट पाणी आणून दिलं, सख्खी ना मी!

बरं, रडली तरी किती. माझ्यापेक्षा जास्त. मला तिच्या रडण्याचाही राग आला. तुझी शेवटची आंघोळ घालताना ती तुझ्या पायाच्या बोटांमध्ये तेल लावत होती, हलक्या हाताने, रोज लावत असल्यासारखं. रोजच लावत असणार. मला तुझे पाय परके वाटले गं.

दिवाळी अशीच गेली. परवा, भाऊबीज झाल्यावर, मी काउंटरवर असताना ती दुकानात आली. तिसगावहून दोन गाड्या बदलून, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत ती कोपऱ्यात उभी राहिली. मग पिशवीतून तो बिस्किटाचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. शेजारी गोळ्यांची पट्टी.

"मंगलताई, मला बी साखर हाय. चार वर्सं झाली. घरी बी ठाऊक न्हाई, अक्कालाच तेवढं ठाऊक. मी बी दोन्ही घेत हुते. आता भ्या वाटतं. गोळी सोडू का पाला सोडू?"

बघ! हेही तुम्हा दोघींचं गुपित. तुझ्या पोटात अजून काय काय होतं जे माझ्या वाट्याला आलं नाही? मी फटकन बोलणार होते, माझ्याकडे कशाला आलात, तुम्हाला तर सगळं कळतं. जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "अक्का म्हनायची, काय बी अडलं तर माझ्या बारकीला इचार. तिला समदं कळतं. ती जरा तापट हाय, पर ती खरं सांगंल."

मला तोंडावर कधी म्हणाली नाहीस ते. एकदासुद्धा.

मी स्टूल सरकवून दिलं, पाणी दिलं. म्हटलं, गोळी मनाने सोडायची नाही, डबा आजपासून बंद, आणि उद्याच्या उद्या नगरला यायचं. "मी येते सोबत." असं म्हणाले मी. दुकान बंद ठेवून. तुझ्यासाठी किती वेळा ठेवलं होतं दुकान बंद?

काल गेलो. तेच डॉक्टर, त्याच दोन खुर्च्या. तुझ्या खुर्चीत ती, माझ्यात मी. त्यांनी तिची गोळी बघितली आणि सवयीने विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

सुमनबाई गडबडली. मला सगळं सांगणारी, तुझं सगळं सांगणारी बाई, स्वतःची पाळी आली तेव्हा तिची जीभ अडखळली. "औषध... म्हंजी औषध न्हाई, आपला..." आणि ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. भुवया वर करून.

मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत हात घातला, डबा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "हे घेतात त्या, गोळीबरोबर, रोज सकाळी." डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." आणि मग तिला एकेक विचारायला लागले, किती चमचे, कधीपासून, घाम येतो का, थरथरल्यासारखं होतं का.

एवढंच करायचं होतं गं. एवढंच.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. पण अक्का, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मला त्या क्षणीसुद्धा तिचा हेवा वाटला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत तिची बहीण बसली होती, आणि ती बोलली.

तुझी,
बारकी